साहेबांच्या कॅमेऱ्याचा एक नंबर

"वैशाली आजपासून कॉम्प्युटरला हात लावणार नाही," मी आत शिरताच मालक बिपिनभाईंनी निकाल सांगितला. "नेटवर्क एणे ज बगाड्युं छे." मग माझ्या मागे दाराकडे बघत विचारलं, "अने एंजिनियर क्यां छे?"

"मीच."

"अच्छा," ते म्हणाले. देवाची मर्जी, अशा सुरात.

सयाजीगंजमधलं हे ऑफिस यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवायचं. ब्रॉडबँड नवीनच आलं होतं आणि गेले काही दिवस सारखं बंद पडत होतं. संध्याकाळपर्यंत जर्मनीच्या गिऱ्हाइकाला ईमेलने कोटेशन गेलं नाही, तर ऑर्डर हातची जाणार होती. वैशाली कारेलीबागेत राहणारी मराठी मुलगी. ईमेल तीच पाठवायची, म्हणून गुन्हेगारही तीच. आधी फाशी, मग चौकशी.

"ताई, मी काही केलं नाही हो," ती हळूच म्हणाली. डोळे रडून लाल झाले होते. "साहेब बाहेर गेले की नेट चालतं. आले की बंद."

"हे त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, म्हणजे मी नसताना तुम्ही मजा करता."

आता थोडं समजावून सांगते. ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले की नेटवर्क झालं. प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता असतो, आयपी अ‍ॅड्रेस. सोसायटीतल्या घर नंबरासारखा. बाहेर जाणारं सगळं राउटर नावाच्या एका पेटीतून जातं. ते सोसायटीचं फाटक. त्यालाही पत्ता असतो. इथे त्या पत्त्याच्या शेवटी एक होता.

मी त्या पत्त्याला पिंग केलं. पिंग म्हणजे दारावर टकटक करून 'आहे का कोणी?' असं विचारणं. उत्तर आलं. मग राउटरची वायर काढून पुन्हा टकटक केली. फाटकच उखडून बाजूला ठेवलेलं, तरी उत्तर आलं, 'आहे!'

म्हणजे दुसरंच कोणीतरी एक नंबरची पाटी लावून बसलं होतं. जर्मनीची पत्रं त्याच्या दारात पडत होती, आणि त्याला जर्मनीचा रस्ता ठाऊक नव्हता.

सगळ्या वायरी जिथे येतात त्याला स्विच म्हणतात. तिथे बसून मी एकेक वायर उपटत गेले. वैशालीची उपटली, उत्तर चालूच. अकाउंट्सची उपटली, चालूच. पुढची उपटली आणि टकटकीला उत्तर बंद झालं. त्याच क्षणी केबिनमधून आरोळी आली, "अरे, मारो केमेरो बंध थई गयो!"

केबिनच्या काचेतून स्टाफवर रोखलेला नवाकोरा कॅमेरा. कोण काम करतं, कोण करत नाही, हे बिपिनभाई त्यात बघत. आल्यावर चालू करत, जाताना बंद. "हुं न होउं तो जोशे कोण?" ते नसतील तर बघणार कोण, हे मात्र बरोबर होतं.

"याला नंबर कोणी दिला?"

"लगानेवाले ने पूछा. मैंने कहा, मेरा सब कुछ एक नंबर." मग वायर जोडायला लावून त्यांनी मला स्क्रीन दाखवला. "बघा! सगळे कसे रिकामे बसलेत!"

"नेट नाही म्हणून बसलेत. आणि नेट तुमच्या कॅमेऱ्याने अडवलंय."

त्यांनी एकदा स्क्रीनकडे, एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "बदला. पण दोन नंबर नको हं! लोक काय म्हणतील?"

मी कॅमेऱ्याला एकशे एक दिला. शुभ आकडा, त्यांनी खुशीने घेतला. राउटरची आणि बाकीच्या वायरी परत जोडल्या, नेट लगेच सुरू झालं. कोटेशन वैशालीनेच पाठवलं, स्वतःच्या टेबलावरून. तिला सॉरी म्हणायची वेळ आली तेव्हा बिपिनभाईंना नेमकं फॅक्टरीवर जायचं होतं.

ऑर्डर मिळाली. वैशालीने मात्र थोड्याच दिवसांत फतेगंजमध्ये दुसरी नोकरी धरली. मग मला बिपिनभाईंचा फोन आला, "मॅडम, ईमेल जात नाही. नेटवर्क बघा."

बघितलं. नेटवर्क ठणठणीत होतं. ईमेलला फाइल कशी जोडायची, हे ऑफिसात कोणालाच येत नव्हतं.

बिघाड सापडायच्या आधी माणूस घालवू नये. बिघाड दुरुस्त होतो.