आबांचे भागाकार

उचगावच्या फाउंड्रीतलं काम सुटलं तेव्हा आबा, माझे वडील, पन्नाशीला आले होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, त्या वयात दुसरीकडं कुणी घेईना. सगळी नोकरी त्यांनी कास्टिंग तपासण्यात काढली होती. स्वतः माप लावल्याशिवाय एकही नग त्यांनी पुढं सोडला नव्हता.

माझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकात एक संख्या होती. दोनाचा एकतिसावा घात वजा एक, म्हणजे २१४७४८३६४७. ही मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः सोडून कशानंच हिला भाग जात नाही, असं खाली छापलं होतं. आबांनी ते वाचलं.

"हे कुणी तपासलं?"

"पुस्तकवाल्यांनी तपासलंय की."

"त्यांनी तपासलं आसंल. आपण न्हाय."

शेहेचाळीस हजारांच्या थोडं पुढंपर्यंतच बघावं लागतं, हे मी त्यांना समजावलं. भाग घालणारी एक संख्या त्याहून मोठी असली, तर तिची जोडीदार लहान असणारच. आबांनी आधी तेवढ्या सगळ्या मूळ संख्यांची यादी हातानं केली. मग रोज सकाळी आंघोळ करून, कामावर निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून ते भागाकाराला बसायचे. दिवसाला सहा-सात. बाकी उरली की तिच्याखाली लाल रेघ. असं दीड वर्ष चाललं.

मी एम.एस्सी.ला गेले आणि एका तासाला सरांनी नेमकी तीच संख्या घेतली. तिला भाग घालणारी मूळ संख्या असलीच, तर तिला बासष्टनं भागल्यावर बाकी एकच उरायला हवी. म्हणजे आबांच्या तीस भागाकारांतला जेमतेम एक गरजेचा. मी सायकल दामटत घरी आले आणि चप्पल काढायच्या आत त्यांना सांगून टाकलं. वाटलं, खूश होतील, काम हलकं झालं म्हणून.

त्यांनी मला पुन्हा सगळं समजावून सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हंजे बाकीचं सगळं उगंच केलं व्हय मी?"

"उगंच न्हाई आबा, पण..."

"उगंचच की."

वही मिटून त्यांनी फळीवर ठेवली. चहा निवून गेला. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला दुपारी उठले. पुढं दाढीही राहायला लागली. उरलेल्या संख्या मी करते म्हटलं, तर "ऱ्हाऊ दे, तुला ठावं हाय न्हवं" एवढंच म्हणाले. सहा वर्षांनी गेले. तोपर्यंत आमच्यात आकड्यांचा विषय परत निघाला नाही.

ते गेल्यानंतरच्या उन्हाळी सुट्टीत मी त्या सगळ्या वह्या, मी शिकवत होते त्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पडताळल्या. एकतीस हजारांच्या पुढंपर्यंत ते पोचले होते. हजारो भागाकारांत एकही चूक नव्हती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "हे त्यास्नी कवा सांगणार हुतीस?"