शिवरात्रीचं साखरपाणी

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. परीक्षा दिली नाही, कारण बापानं त्याच आठवड्यात गुरांमागं धाडलं. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. मी काही माफी मागत बसणार नाही.

उपासाची माझी पहिली आठवण आसुडाची आहे. आठ-नऊ वर्षांचा असेन. एकादशी होती. रानात दुसऱ्या एका गुराख्याच्या फडक्यात शिळी भाकरी होती, वर तेल-तिखट लावलेलं. त्यानं अर्धी मोडून दिली, मी खाल्ली. घरी आलो तर माझ्या बोटांना तिखटाचा लाल रंग होता. बापानं बोटं बघितली, मला गोठ्यातल्या मेढीला दाव्यानं बांधलं आणि बैलाच्या आसुडानं पाठ फोडली. आई मधे पडली, तिलाही दोन बसले. बाप ओरडत नव्हता. प्रत्येक फटक्याला एकच विचारत होता, "परत खाशील?" मी गळा फाडून नाही म्हणालो तेव्हा थांबला. मग त्यानंच पाठीला हळद-तेल चोळलं.

त्यानंतर साठ वर्षांत माझा एकही उपास मोडला नाही. ताप आला, पाय मोडला, आई गेली, तरी नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला त्याचा अभिमान होता.

आमच्या घरात वर्ष उपासांवरच चालायचं. महिन्याच्या दोन एकादश्या, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायच्या. आषाढीला देव झोपतो आणि कार्तिकीला उठतो, म्हणून त्या दोन्हीला घरात चूल पेटवायची ती फक्त चहाला. संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय घास नाही. श्रावणातले सोमवार दिवे लागल्यावर सुटायचे. नवरात्रात देवी नऊ दिवस राक्षसाशी लढते, तर आपण नऊ दिवस भाकरी सोडायला काय हरकत आहे? आजकाल पहिला आणि शेवटचा दिवस धरतात, त्याला उठता-बसता म्हणतात. मला ते पटलं नाही. आणि शिवरात्र सगळ्यात कडक. महादेवानं सगळ्यांसाठी विष प्यायलं, त्या दिवशी आपण साबुदाण्याची खिचडी चापायची का? आमच्या घरी शिवरात्र निरंकार. सकाळी घोटभर तीर्थ, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या पारण्यापर्यंत काही नाही. पाणीसुद्धा नाही.

कीर्तनात सांगतात की उपास म्हणजे देवाच्या जवळ बसणं. मला जवळ बसणं कधी जमलं नाही. मी उपास राखला तो बापानं राखला तसा, हातात काठी घेऊन.

तळेगावच्या बाजाराला एकदा श्रावणी सोमवारी गेलो होतो. हॉटेलवाल्याकडं उपासाची बटाटाभजी मागितली. अर्धी खाऊन बघतो तर तो त्याच कढईत कांदाभजी सोडत होता.

"अरं, हे तेल एकच हाय का?"

"मग काय आबा, तुमच्या तेलाला येगळं जानवं घालू?" असं म्हणून तो हसला, बाकावरची गिऱ्हाईकं हसली. मी कढई लाथेनं पालथी केली. त्याच्या मांडीवर तेल गेलं, माझ्या पायावरही गेलं. त्यानं झाऱ्या घातला माझ्या डोक्यात, मी त्याचा शर्ट टराटरा फाडला. लोकांनी सोडवलं. पायाला फोड घेऊन घरी आलो, पण घास थुंकून, चूळ भरून आलो होतो. उपास मोडला नव्हता असं मी धरलं.

बायकोचं सांगायचं राहिलं. ती दौंड तालुक्यातली, वरवंडची. लग्न होऊन आली तेव्हा सतरा-अठराची होती. पहिल्याच श्रावणी सोमवारी तिनं बटाट्याच्या भाजीत सवयीनं हळद टाकली. आमच्यात उपासाला हळद चालत नाही. तिच्या माहेरी चालत असेल, मी विचारलं नाही. पातेलं चुलीवरून उचललं आणि तिच्या अंगावर फेकलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. तिनं हूं की चूं केलं नाही. तो डाग अजून आहे, बांगड्या मागं सरकल्या की दिसतो. त्यानंतर तिचा हात कधी चुकला नाही. माझे उपास तिनं धरले, वर माझ्या आयुष्यासाठी म्हणून संकष्टी आणि सोमवार वेगळ्या संकल्पानं धरले. मी कौतुकानं लोकांना सांगायचो की बायको अशी पाहिजे.

मग तिला साखर निघाली. शिरूरच्या डॉक्टरनं सांगितलं, उपाशी राहायचं नाही, गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. मुलगा रांजणगावला कंपनीत आहे, शिकलेला. तो म्हणाला, "आप्पा, आईचे उपास आता बंद करा."

मी म्हणालो, "गोळी काय अन्न हाय व्हय? गोळीनं उपास मोडत न्हाई. घेऊ दे खुशाल गोळी."

आमच्याकडं सगळे असंच धरतात. औषधाला दोष नाही. गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर पार उतरते हे कुणाच्या ध्यानात येत नाही, सगळ्यांचं ध्यान उपास मोडला की नाही याकडंच.

गेल्या शिवरात्रीला तिनं पहाटे अंघोळ केली, तीर्थाच्या घोटाबरोबर साखरेची गोळी घेतली आणि महादेवाच्या रांगेत उभी राहिली. अकराच्या सुमाराला परत आली. मी अंगणात बाजेवर होतो. तिला घाम फुटला होता, पायात चप्पल एकच होती. मी म्हणालो, "दुसरी कुठं टाकली?" ती काहीतरी भलतंच बोलली, माहेरच्या विहिरीचं, आणि जागेवर कोसळली. डोकं पाट्यावर आपटलं. कवटी फुटल्यासारखा आवाज आला. पाटा लाल झाला, तिचे पांढरे केस लाल झाले.

सून घरातून धावत आली. तिनं बघितलं आणि आत जाऊन साखरपाण्याचा पेला घेऊन आली. आता मी जे केलं ते लिहितो. मी सुनेचा हात धरला.

"मामा, सोडा!"

"आज शिवरात हाय. पाणी न्हाई घालायचं तोंडात."

"मामा, आत्या मरतील!"

"तिचा उपास मोडू न्हाई द्यायचा मी. दवाखान्यात न्या, सुई टोचा, पण तोंडात न्हाई."

सुनेनं मनगट सोडवायला माझ्या हाताला चावा घेतला. मी दुसऱ्या हातानं तिच्या थोबाडीत दिली. पेला सांडला. बायको तशीच पडून होती, डोळे अर्धे उघडे, जबडा आवळलेला, आणि पाय झटकत होती. त्या वेळी मला एकच दिसत होतं की चाळीस-पन्नास वर्षांचा तिचा उपास माझ्यासमोर मोडतोय.

मुलगा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपला होता. तो बनियनवर बाहेर आला. त्यानं आई बघितली, स्वतःच्या बायकोचा लाल गाल बघितला.

"काय झालं?"

"आत्यांना साखरपाणी देऊ देत न्हाईत," सून ओरडली.

त्यानं मला धक्का दिला. मी भिंतीला टेकवलेला फावड्याचा दांडा उचलला आणि त्याच्या कपाळावर घातला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं ते पुसलंही नाही. एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ माझ्या तोंडावर मारली. घरात माझ्यावर हात उगारणारा बापानंतर तो पहिलाच. खालचे दोन दात गेले. मी पडलो, उठलो, त्याच्या कमरेला मिठी घातली. आम्ही बापलेक त्या अंगणात जनावरांसारखे लोळलो. त्यानं माझ्या छातीवर गुडघा रोवला आणि मान दाबली. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तेवढ्यात सुनेनं घरातून आणलेली साखर बोटावर घेऊन सासूच्या हिरडीला चोळली, परत चोळली. "गिळल्या! आत्या गिळल्या!" ती म्हणाली, आणि मुलाचा गुडघा ढिला पडला.

जीपमध्ये घालून शिरूरला नेली. सलाइन लावलं, डोक्याला नऊ टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर हाती लागली नसती. मुलगा कपाळाला पट्टी बांधून माझ्यासमोर उभा राहिला. हळू आवाजात बोलला.

"आप्पा, आई आता उपाशी राहिली आन् मेली, तर तुमच्या चितेला मी हात लावणार न्हाई. कुणालाबी पैसे देऊन पेटवा."

 माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता.

बारा-तेरा दिवसांनी एकादशी आली. मी पहाटे महादेवाच्या देवळात गुरवाकडं गेलो. त्याला विचारलं, बायकोचे उपास नवऱ्याला घेता येतात का. तो म्हणाला, येतात की, हातावर पाणी घ्या आणि तिचे मी चालवीन म्हणा. मी घेतलं. माझे साठ वर्षांचे शाबूत, तिचे वर आले. मला हलकं वाटलं. घरी येऊन सुनेला सांगितलं, "सासूला पिठलं-भाकरी वाढ."

सुनेनं ताट आणलं. बायको भिंतीला टेकून बसली होती, टाके नुकतेच निघाले होते. तिनं ताट सरकवलं.

"गोळी घेतलीय ना? खा."

"आज एकादशी हाय."

"तुझी मी घेतलीय. पाणी सोडून आलोय."

"तुमी घ्या न्हाईतर टाका. मला घास उतरत न्हाई."

"अगं, खा म्हणतो ना!"

माझा हात वर गेला. सवयीनं. ती पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलली.

"मारा की. मारून उपास धरायला लावलं, मारूनच सोडवा. तुमाला दुसरं काय येतंय?"

दारात मुलगा उभा होता, पाळीला निघालेला. तो आत आला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. गोळी घेऊन वीस मिनिटं झाली होती.

मी हात खाली घेतला. "मग काय करू? सांग."

"नवरा उपाशी आन् मी कशी जेवू? आजवर कवा तुमच्या आधी जेवलीय?" ती म्हणाली. "तुमी खावा. मंग मी खाते."

मी मुलाकडं बघितलं. त्यानं नजर फिरवली. बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला, तो हलला नाही. बायकोच्या वरच्या ओठावर घाम यायला लागला होता, शिवरात्रीला आला होता तसाच.

मी ताट ओढलं. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि तोंडात घातली. दात पडले होते तिथली जखम पुरती भरलेली नव्हती, कडक पापुद्रा टोचला. पाठ आपोआप आखडली. मला वाटलं आता बसेल. आसूड काही बसला नाही. मी गिळलं.

"बघ," मी म्हणालो. "खाल्लं."

तिनं पदर सावरला आणि माझ्याच ताटातला तुकडा घेतला. चावला. दुसरा घेतला. बस परत हॉर्न देत होती, आता मुलगा गेला.

चार घास झाल्यावर ती सुनेला म्हणाली, "कांदा दे गं एक." एकादशीला कांदा! सुनेनं भीतभीत आणून दिला. चाकू नव्हता. बायकोनं तो माझ्यासमोर ताटाशेजारी ठेवला.

मी मूठ वळली. ती जरा मागं सरली. मी कांद्यावर बुक्की घातली, फोडला, आणि अर्धा तिच्याकडं सरकवला.