काळ्यांनाच साखर

मुंगी ओळखण्यात माझा हात धरणारं अख्ख्या चोपडा गावात कुणी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ही विद्या मी हौसेनं मिळवलेली नाही. ती माझ्या गळ्यात पडली, कारण अक्काचं लग्न जमत नव्हतं.

मी तेव्हा सहावीत होते आणि अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दोन स्थळं येऊन, पोहे खाऊन, पोचल्याचं पत्रसुद्धा न टाकता गप्प झाली होती. आमचे आप्पा तहसील कचेरीत कारकून. दिवसभर लोकांच्या अर्जांत चुका काढायचे, पण घरी आले की कुणीही सांगितलेला उपाय बिनतक्रार मंजूर. समोरच्या घरी नाना राहायचे. त्यांची केळीची बाग होती आणि बागेत जायचा त्यांना भारी कंटाळा होता, म्हणून ओट्यावर बसून ते गल्लीला सल्ले देत. त्यांनी आप्पांना सांगितलं, सव्वा महिना रोज सकाळी मुंग्यांना कणिक-साखर घाला, पोरीचं जमेल. पण पथ्य कडक होतं. बोट रोखून म्हणाले, “काया मुंग्यासलेच घाल. लाल मुंगीनी तोंड लावं, का बठ्ठं उलटं व्हई.”

म्हणजे काळ्यांनी खाल्लं तर लग्न जमणार आणि लालांनी खाल्लं तर मोडणार. झालं, आप्पांनी मला राखणीला बसवलं. हातात केरसुणीची काडी, समोर तुळशीपाशी चिमूटभर कणिक-साखर, आणि लाल दिसली की हाकलायची.

दोन-तीन दिवसांतच लक्षात आलं की हे वाटतं तेवढं सोपं नाही. मुंगळ्याचं एक बरं असतं, त्याला ओळखायला अक्कल लागत नाही. मोठा, काळाकुट्ट, गुळाच्या ढेपेवर घरजावयासारखा ठाण मांडून बसतो, आणि चावला की डोकं तुटेल पण सोडणार नाही. त्याच्याहून लहान अशी एक लांब पायांची काळी मुंगी असते. ती धड ओळीत चालतच नाही, घरी काहीतरी विसरून आल्यासारखी इकडेतिकडे धावत सुटते. चावत मात्र नाही बिचारी. साखरेच्या डब्यात शिरते ती पिवळट, इतकी बारीक की चहावर तरंगायला लागल्यावरच कळते. आणि खरी लाल म्हणजे पायरीच्या फटीतून रवाळ मातीचा ढीग वर काढते ती. ती एकटी कधी येत नाही, आणि चावली की जागा दिवसभर जळजळते.

इथवर ठीक होतं. पण कडुनिंबावरून उतरणारी आणखी एक होती, जिचं डोकं तांबडं आणि बूड काळं. वर तिला काडीनं हटकलं की बूड उभं करून दाखवायची. हिला कशात धरायचं? आई म्हणाली, डोकं बघ. आप्पा म्हणाले, शंका आली की परत पाठवायचं. शेवटी मी एकीला काडेपेटीत कोंबून नानांकडे नेलं. नानांनी चष्मा पुसला, काडेपेटी उन्हात धरून बराच वेळ निरखली आणि निकाल दिला, “बूड कायं शे ना? मंग ती काईच.” त्या दिवसापासून उभ्या बुडाच्या मुंग्या काळ्यांच्या पंगतीला बसायला लागल्या.

दरम्यान घरातली रेशनची साखर भराभर संपायला लागली. आईनं सरळ माझ्यावर आळ घेतला. मी तुळशीची शपथ घेतली, तर शपथेबद्दल दोन धपाटे वेगळे मिळाले. मी रडून घर डोक्यावर घेतलं. अक्कानं पुस्तकातून मान वर केली नाही. परीक्षा जवळ आली की माणसाला काही ऐकू येत नसावं, असं मला वाटलं.

सव्वा महिन्याला चार दिवस उरले असताना साक्रीचं स्थळ आलं. मुलगा शेतकी खात्यात नोकरीला, बरोबर त्याचे वडील आणि मामा. बैठकीच्या खोलीतल्या पलंगावर आईनं ठेवणीतली पांढरी चादर घातली होती. तिघं एसटीच्या धुळीसकट तिच्यावर बसले. अक्का समोर पाटावर. मामांनी विचारलं, ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, करता येतात का. अक्का म्हणाली, खाता येतात. आप्पांचा चेहरा पडला. मामा पुढचा प्रश्न विचारायला म्हणून झुकले ते तसेच उठले आणि धोतर झटकत थेट अंगणात गेले. पाठोपाठ मुलाचे वडील, आणि काय झालं ते बघायला आप्पा.

मी पलंगाखाली वाकून पाहिलं. भिंतीकडच्या कोपऱ्यात साखरेचा हा एवढा ढीग, आणि त्यावर लाल मुंग्या. अस्सल लाल, नानांना विचारायची गरजच नाही. तिथून रांग पलंगाच्या पायावरून वर चढत होती. मी अक्काकडे पाहिलं, तर ती पाटाचा रंग नखानं खरवडत बसली होती. महिनाभर लालांना कोण जेवू घालत होतं ते मला तेव्हा कळलं. मला इतका राग आला की पाहुणे आहेत हेसुद्धा क्षणभर विसरले.

मुलगा मात्र जागचा हलला नाही. मुलगी बघताना वळवळ करायची नाही, असं त्याला घरून बजावलेलं असणार. कान तांबडे झाले होते, पोह्यांची बशी त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्यानं अक्काला विचारलं, “लाल आहेत का?”

“हो,” अक्का म्हणाली.

“वाटलंच. मुंगळा असता तर एकच चावला असता.” त्यानं बशी खाली ठेवली. “तुमची परीक्षा कधी आहे?”

अक्कानं सांगितलं. आणि परीक्षा दिल्याशिवाय मला लग्न करायचं नाही, हेही सांगितलं, जे आप्पांना सांगायची तिची कधी हिंमत झाली नव्हती. तो म्हणाला, होऊ द्या की, मला कुठे घाई आहे. मग त्यानं पहिल्यांदाच खाली वाकून पोटरी खाजवली आणि अक्काला हसू फुटलं.

कळवतो, असं म्हणून पाहुणे लंगडत गेले. आप्पा ओट्यावर डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीपाशी गेले, तर अक्का आधीच तिथे उकिडवी बसलेली, माझी काडी तिच्या हातात. पलंगाखालचा कोपरा तिनं पहाटेच धुऊन काढला होता.

“उरलेले चार दिवस मी बसते,” ती म्हणाली. “आणि त्या उभ्या बुडाच्या अजिबात नकोत. नाना काही म्हणोत, मला धोका नको.”

तिनं माझ्या हातावर मूठभर साखर ठेवली. मी ती खाल्ली, पण धपाट्यांबद्दल माफ केलं नाही.

पंधरा दिवसांनी साक्रीहून पत्र आलं. मुलगी पसंत आहे, परीक्षेनंतरचा मुहूर्त बघावा, मुलाच्या पायाला आता उतार आहे. आप्पांनी ते नानांना मोठ्यानं वाचून दाखवलं, दोघांनी सगळं श्रेय काळ्या मुंग्यांना दिलं, आणि आप्पांनी त्यांच्यासाठी तुळशीपाशी एक पेढा ठेवला. राखणीला अर्थात मी. पेढ्यापाशी सगळ्यात आधी आल्या त्या लाल, खऱ्या मानकरी. मी काडी खाली ठेवली.