विहिरीचा आकडा दोन

कालवा खडकवासल्याहून निघतो, स्वारगेटजवळ शहराचा कचरा अंगावर घेतो आणि तसाच लोणी काळभोरकडे जातो. मी रोज बसमधून त्याच्याकडे पाहायचे आणि नाकाला रुमाल लावायचे. त्याचं पाणी कमी केलं तर खालचा शेतकरी कोणतं पीक सोडेल, कोणतं धरून ठेवेल, हे गणितानं ताडायचं माझं काम होतं. आम्ही त्याला ऐटीत मॉडेल म्हणायचो. शेतात जायचे ती फॉर्म भरण्यापुरती.

लोणीच्या पुढे एका बाईंची पेरूची बाग होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीनं जगवली होती. फॉर्मवर विचारलं होतं, पाणी कशाचं? कालवा की विहीर? खूण एकच करायची.

"हीर हाय ताई," बाई म्हणाल्या. "पर ती कालव्यावर जगती. कालवा वाहिला की पाणी झिरपतं, मग हीर भरती."

मी विहिरीपुढे खूण केली आणि बाकीचं समासात लिहिलं. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत पेरू घातले. नको नको म्हणत मी ते घेतले.

ऑफिसात साहेबांनी फॉर्म चाळले. "समासात कादंबऱ्या लिहू नका. आकडा टाका." कालव्याचा आकडा एक, विहिरीचा दोन. एरवी रिक्षावाल्याशी अर्धा तास वाद घालणारी मी, तिथे गप्प बसले. अहवालाची मुदत जवळ आली होती. मी दोन टाकला. मग वाक्य आलं, उन्हाळ्यात कालवा बंद ठेवल्यास विहीर असलेल्यांच्या पिकांवर परिणाम होणार नाही. ते मीच लिहिलं. साहेबांनी शाबासकी दिली आणि ती मला आवडली, हेही सांगून टाकते.

पुढच्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडलं नाही, ते शहरासाठी राखलं. आमच्या अहवालामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण निर्णयाच्या बैठकीत तो टेबलावर होता. माझ्या घरच्या नळाला मात्र वेळेवर पाणी यायचं, बाल्कनीतल्या कुंड्यांनाही पुरायचं.

मे महिन्यात मी नवा फॉर्म घेऊन पुन्हा गेले. झाडं उभी होती, पण फांदीला हात लावला की ती कडकन मोडायची. बाईंनी मला लगेच ओळखलं.

"त्या दिशी म्या सांगितलं, ते लिवलं व्हतं ना?"

"लिहिलं होतं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लाज वाटली.

त्या मला विहिरीच्या काठावर घेऊन गेल्या. तळाचा खडक उघडा पडला होता, त्यावर मोटारीचा पाइप नुसता लोंबत होता.

"नवा फारम आणलाय न्हवं? करा खूण. कुठं करता, मला बघू द्या."

मी फॉर्म काढला. त्यावर तेच दोन चौकोन होते. कोरड्या विहिरीचाही आकडा दोनच.