डी कोणाचा?

चूक माझीच होती, आणि ती मी हसत केली. धुळ्यात नावाच्या पाट्या कोरणाऱ्या एका माणसाच्या टेबलावर नमुन्याची पाटी होती. तिच्यावर त्याच्या वडिलांचं नाव होतं, पेत्रस.

"हे विलायतेहून पार्सल आलं का?" मी विचारलं.

त्याने हातातल्या पाटीवर फुंकर मारली, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"पार्सल नाही, भाऊ. येशूनं त्याच्या शिष्याचं सिमोन नाव बदलून हे ठेवलं. अर्थ दगड." मग त्याने पाटीसाठी मी दिलेली नावाची चिठ्ठी वाचली. "तुमच्या नावात हा डी कोणाचा?"

"वडिलांचा."

"म्हणजे?"

नोकरी लागल्यापासून मी गावाकडच्या, सोनगीरच्या वडिलांना, माझ्या आबांना, या एका अक्षरात दडवलं होतं. इंग्रजी अक्षराने वजन येतं, अशी माझी समजूत.

"दगडू," मी पुटपुटलो.

"मंग आपला दोन्ही बापस्नं नाव एकच शे," तो न हसता अहिराणीत म्हणाला. "माझा बाप टेबलावर बसलाय, तुमचा लपलाय."

"पूर्ण नाव कोरा," एवढंच मी बोललो. माफी मागायला आठ दिवस लागले.

"तुमच्या वडिलांना हसलो," पाटी घेताना मी म्हणालो, "कारण मला माझ्या वडिलांची लाज वाटत होती. माफ करा."