विश्रांतीचा आठवडा आणि चौथा मजला

पुरेसरांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे विजेचं मीटर बघायला आले असावेत. वजन पंचावन्न किलो, त्यातला एखादा किलो तर किल्ल्यांचा जुडगाच. खिशाला दोन पेनं, गळ्यात स्टॉपवॉच. शेजारून सव्वाशे किलोचा एखादा हातोडाफेकवाला मान खाली घालून "हो सर, हो सर" करत गेला, की मगच पाहुण्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की या गुहेचा धनी हाच.

गुहाच ती. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली जी तिरकी पोकळी उरली, तिला चुना मारून व्यायामशाळा म्हणायचं ठरलेलं. दाराकडे छत उंच, मैदानाकडे उतरत जाऊन शेवटी गुडघ्याला टेकणारं. त्यामुळे बास्केटबॉलवाले दाराशी, जिम्नॅस्टिक्सवाले आत, अशी वाटणी कुणी न सांगता झाली होती. आत लोखंडाच्या तबकड्या, दांडे, घामाने काळे पडलेले बाक, खडूची भुकटी आणि एक फळा. फळ्यावर सरांच्या अक्षरात कायमची सूचना: "विचारल्याशिवाय वजन वाढवू नये. विचारल्यावर बहुधा नाही म्हटलं जाईल."

खरं नाव पगारपत्रकावर. बाकी जगाला ते पुरेसर. खेळाडू दांडा घेऊन पाच बैठका मारतो, चेहरा टोमॅटोसारखा होतो, अंगात वारं शिरतं, आता सहावी मारणारच, तेवढ्यात कानाशी शांत आवाज येतो, "पुरे." बस्स. या एका शब्दापुढे भल्याभल्यांनी दांडे खाली ठेवलेत.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. तरुणपणी ते स्वतः सगळ्यात हलक्या वजनगटात वजनं उचलायचे आणि तीन वर्षं ओळीने चौथे आले. स्पर्धा जवळ आली की भीतीपोटी सराव दुप्पट करायचे. सरावात जे वजन खेळण्यासारखं वर जायचं, ते मंचावर जागचं हलायचं नाही. चौथ्या वर्षी सर्दीतापाने आठ दिवस अंथरुणावर पडले. उठून सहज दांड्याला हात लावला, तर आयुष्यातलं सगळ्यात मोठं वजन डोक्यावर! तेव्हापासून त्यांचं एकच सांगणं, "व्यायाम म्हणजे नुसती मागणी नोंदवणं. माल येतो झोपेत. तुम्ही रोज जाऊन काउंटर बडवलात, तर दुकानदार माल उतरवणार कधी?"

घरी मात्र या तत्त्वज्ञानाला कवडीची किंमत नाही. पलंग जरा सरकवा म्हटलं, की ते म्हणतात, "माझा सध्या हलका आठवडा आहे."

"हो का?" बायको म्हणते. "लग्नापासून चालूच आहे तो."

तर अशा पुरेसरांच्या गुहेत एक पोरगी होती. वय एकोणीस, खांदे दरवाजाएवढे, आवाज चिमणीचा. गोळा फेकायची. सगळे तिला तोफ म्हणत. रविवारच्या निवड चाचणीत तिला पंधरा मीटर चाळीस सेंटिमीटर टाकायचे होते. टाकले तर देशाच्या संघात, नाही तर पुन्हा दोन वर्षं वाट. आतापर्यंतची तिची सर्वांत लांब फेक होती पंधरा बावीस. मधले अठरा सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. एवढीशी वीत, पण तिच्यासाठी पुरेसरांनी सहा महिने तिला लोखंडाखाली पिळून काढलं होतं आणि शेवटच्या आठवड्यात, त्यांच्या रीतीप्रमाणे, सगळं लोखंड काढून घेतलं होतं. दोन दिवस थोड्या चपळ उड्या, चार जोरकस फेका. बाकी शून्य.

अंग ताजं होतंय की नाही, हे कळायला त्यांच्याकडे एक चटई होती. तिच्यावरून उडी मारली, की हवेत किती वेळ राहिलात ते मोजून ती उंची सांगते. तोफेची नेहमीची उडी बावन्न सेंटिमीटर. विश्रांतीने ती रोज थोडी वाढायला हवी, चोपन्न, पंचावन्न. सोमवारी आली बावन्न. मंगळवारी पन्नास. बुधवारी सकाळी सत्तेचाळीस.

पुरेसरांनी चटई झटकली, वायर काढून पुन्हा लावली, स्वतः उडी मारून बघितली. त्यांचे आले एकवीस. चटई ठणठणीत होती.

तेवढ्यात मोठे सर आत आले. हे गोळाफेकीचे मुख्य प्रशिक्षक. पोट आधी येतं, मग शिट्टी, मग ते. आकडा बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, गंजतेय पोरगी! मी म्हणत होतो, झोपा काढून कुणी संघात जातं का? द्या इकडे. शंभर फेका टाकून घेतो, गंज झडेल."

"शुक्रवारपर्यंत थांबा."

"उद्या सकाळपर्यंत थांबतो. आकडा वर गेलेला दिसला नाही, तर पोरगी माझी."

मोठे सर गेले. पुरेसरांनी मनात हिशेब केला. शंभर फेका म्हणजे रविवारी रिकामं अंग मैदानावर आणि ती वीतभर जागा मैलभर लांब.

"खरं सांग," त्यांनी तोफेला समोर बसवलं. "चोरून व्यायाम करतेस?"

"शप्पथ नाही, सर! वहीत लिहिलंय ना. व्यायाम शून्य. झोप मात्र मस्त लागतेय. पडल्या पडल्या डोळा लागतो."

"पडल्या पडल्या?" सरांच्या भुवया वर गेल्या. विश्रांतीतल्या माणसाला झोपेसाठी कूस बदलावी लागते. त्यांनी तिचे हात उलटे केले. दोन्ही दंडांच्या खाली, एकाच उंचीवर, एक एक लांब निळा वळ.

"हे काय?"

"हे? कपाटाची कडा, सर."

"कुठलं कपाट?"

"लोखंडी. आत्याचं."

"ते तुझ्या हातात काय करत होतं?"

"वर जात होतं."

"किती वर?"

"चौथ्या मजल्यावर," ती चिमणीच्या आवाजात म्हणाली. "आम्ही घर बदलतोय ना. समोरच्याच इमारतीत. लिफ्ट नाहीये तिथे." आणि सरांचा रंग उडालेला बघून घाईघाईने पुढे म्हणाली, "पण व्यायाम नाही केला सर मी. हे घरचं काम आहे!"

पुरेसर तडक तिच्या घरी. दारात आत्या उभी. तोफेची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून भावाचं घर आणि ही पोर तिनेच सांभाळली होती. पदर खोचलेला, हातात दोरी, नजर सेनापतीची.

"या, सर! तुमचे उपकार कसे फेडू? पोरीला सहा महिने मान वर करायला वेळ नव्हता. ती म्हणाली, सरांनी आठवडाभर काही उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, वा! मग हाच आठवडा धरू या. रिकामीच आहे!"

सरांनी आत डोकावून पाहिलं. "किती फेऱ्या झाल्या?"

"मोजल्या नाहीत बाई. कपाट गेलं, दोन पलंग गेले, तिच्या बाबांची पुस्तकं गेली. आता वॉशिंग मशीन, फ्रिज, शिलाई मशीन आणि ही पेटी. उद्या संध्याकाळी घरमालकाला किल्ली द्यायचीय, त्यामुळे थांबायचं म्हणू नका."

"आत्याबाई, रविवारी तिला जी ताकद लागणारे, ती तुम्ही त्या जिन्यावर सांडून आलात."

आत्याचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा असेल. ती पेटीवर मटकन बसली. "मग आता हो? मला काय ठाऊक? व्यायाम बंद म्हणजे काम बंद, असं कुणी सांगतं का?"

सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या वेळापत्रकात बुधवारी संध्याकाळी नौकानयनाचे चार गडी होते आणि त्यांचा आठवडा होता जड. इतका जड, की त्यांना हातात वजनं घेऊन पायऱ्या चढायच्याच होत्या.

संध्याकाळी पाच वाजता ते चौघं ताडमाड उघडेबंब हजर झाले. बरोबर पाचवाही, होडीच्या टोकाला बसून नुसता ओरडणारा, पुरेसरांहून बारीक. फ्रिज बघून गडी खूश झाले. होडीत जन्मभर पाठमोरं जायची सवय, त्यामुळे जिना उलटा चढायला त्यांना काहीच वाटेना. पाचवा वरच्या पायरीवर उभा राहून आरोळ्या देत होता, "डावं, हळू! उजवं, धर! एकदम... चढ!" शेजारची दारं उघडली. लोक चहाचे कप घेऊन कठड्याशी उभे राहिले.

तोफेला मात्र जिन्याच्या वळणावर खुर्चीत बसवून सरांनी बजावलं, "कपापेक्षा जड काही उचलायचं नाही." हे तिला फ्रिजपेक्षा जड गेलं. परके लोक आपलं सामान वाहतायत आणि आपण राणीसारख्या बसलोय, म्हणून ती कानापर्यंत लाल. शिलाई मशीन जवळून गेलं तसे तिचे हात आपोआप पुढे आले.

"अगं ए!" आत्या खालून गरजली. "हात मांडीवर!"

कारण आत्याला एव्हाना शास्त्र चढलं होतं. दोन फेऱ्यांमध्ये गड्यांनी नव्वद सेकंद थांबायचं, हे सरांनी माल-दुकानदाराच्या दाखल्यासकट एकदाच सांगितलं. तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून छातीशी धरलं. एक गडी लवकर उठला. "बस खाली! अजून वीस सेकंद आहेत. माल उतरतोय तुझा!" गडी बसला. दुसरा रेंगाळला, त्याला म्हणाली, "ऊठ रे, गार पडशील."  हे शिकायला पुरेसरांना तीन वेळा चौथं यावं लागलं होतं आणि या बाईने ते चार मजल्यांत उरकलं.

गुरुवारी सकाळी चटईवर अठ्ठेचाळीस.

"एक सेंटिमीटर?" मोठे सर ओरडले. "याला वर जाणं म्हणतात?"

"वर गेलेला दिसला पाहिजे म्हणालात. किती, ते नाही म्हणालात."

मोठ्या सरांनी शिट्टी तोंडात घातली आणि न वाजवताच निघून गेले. शुक्रवारी एक्कावन्न. शनिवारी चोपन्न. पुरेसरांनी तो आकडा फळ्यावर लिहिला, पुसला आणि पुन्हा लिहिला.

रविवारी मैदानाच्या कठड्याशी पुरेसर आणि आत्या शेजारी शेजारी बसले होते. आत्याने नव्या घराला कुलूप बसवायलाही वेळ घेतला नव्हता, भावाला राखणीला ठेवून आली होती. पहिली फेक पंधरा दोन. दुसऱ्या वेळी पाय वर्तुळाबाहेर, फेक बाद. तिसरी पंधरा एकोणीस. चौथी पंधरा एकतीस. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात लांब, तरी नऊ सेंटिमीटर कमी.

मोठे सर पोट सावरत कठड्याकडे धावले. "अगं, कोपर! कोपर वर! आणि मधल्या वेळात बसू नकोस, उड्या मार, अंग हलव..."

"अहो, सर," आत्या म्हणाली, "इकडे बसा बघू. तिला कुणी काही बोलायचं नाही."

"बाई, मी तिचा प्रशिक्षक आहे!"

"असाल. बसा."

मोठे सर बसले. आत्यापुढे सव्वाशे किलोचेही बसले असते.

पाचव्या फेकीला तोफ वर्तुळात शिरली. गोळा मानेशी टेकवला, पाठ मैदानाकडे केली, वाकली आणि वळली. चिमणीच्या गळ्यातून असा आवाज निघाला, की पंचांच्या हातातला झेंडा हलला. गोळा पडला. फीत ताणली गेली. पुरेसरांना आकडा ऐकवेना. त्यांनी डोळे मिटून घेतले, बोटं स्टॉपवॉचवर घट्ट.

"पंधरा... चव्वेचाळीस!"

डोळे उघडले तेव्हा मोठे सर त्यांच्या पाठीत गुद्दे मारत होते आणि "मी म्हटलंच होतं!" असं काहीतरी धादांत खोटं बोलत होते. तोफ सुसाट कठड्याकडे आली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि आत्याला उचललं. पुरेसरांची नजर सवयीने खाली गेली. पाठ सरळ, गुडघे वाकलेले, वजन अंगाशी. नाव ठेवायला जागा नव्हती.

आत्या हवेत पाय झाडत ओरडत होती, "खाली ठेव! अगं, खाली ठेव मला मेले! तुझी अजून एक फेक राहिलीय!"