ट्रेलरवर राखलेली जागा

आठवतंय ना गं मुलींनो, कॉलेज सुटल्यावर पार्ल्यात यांच्या मोटरसायकलवर मी पहिल्यांदा बसले आणि तुम्ही सगळ्या ओरडत होतात, "पदर खोच, पदर खोच!"

ती मोटरसायकल उद्या कुडाळला पुतण्याकडे जातेय. यांच्या गुडघ्यांना आता ती झेपत नाही. टेम्पोत आडवी टाकून न्यायची म्हटलं, तर हे जेवेनात. म्हणून दोन महिने खपून यांनी आणि मालाडच्या विलासभावजींनी घरीच कारमागे जोडायचा ट्रेलर बनवला. आमच्या जुन्या लोखंडी पलंगाचे अँगल आणि भंगारातली स्कूटरची चाकं.

आज सकाळी सोसायटीच्या आवारात मोटरसायकल वर चढवून बांधली, तर मागच्या वजनाने ट्रेलरचं पुढचं तोंडच उचललं गेलं.

"दादा, एवढी मागे का बांधलीस? हायवेवर वाट लागेल. पुढे घे ना!"

"पुढे मी बसणार. तिला धरून."

"अरे, ट्रेलरवर माणूस बसवतात का?"

हे सीटवरून हात फिरवत राहिले. कोवळ्या उन्हात टाकी चमकत होती. मला उगाच वाटलं, आम्ही दोघं तिच्यावरून अजून कुठेतरी निघालोच आहोत. मग यांनी स्वतःच दोर सोडले आणि तिला पुढे सरकवलं.

तर, मोटरसायकल पुतण्याची. दोन्ही हेल्मेटं त्याच्या बायकोकडे द्यायची. परत आल्यावर ट्रेलर तुमच्यापैकी जिला लागेल तिने न्यावा. आणि उद्या कारमधली मागची सीट यांना. मागच्या काचेतून ती कुडाळपर्यंत दिसत राहील.